प्रेरणास्थाने : शंभर शब्दांत

गेल्या आठवड्यात एका छोट्या कार्यक्रमाच्या आयोजकांचा निरोप आला. 'तुमचा परिचय पाठवा. शंभर शब्द. तृतीय पुरुषात. प्रेरणास्थानांचा उल्लेख हवा.' माझी अडचण ओळखून की काय, पहिलं वाक्य त्यांनीच लिहून दिलं होतं. त्यात मी 'उदयोन्मुख गायिका-गीतकार-संगीतकार' होते.

उदयोन्मुख हा शब्द माझ्या नावाला चिकटून आता सात वर्षं झाली. सूर्याचं अख्खं बिंब क्षितिजावर यायला काही मिनिटं पुरतात. माझं अजून नुसतं फटफटतंय. शिवाय त्या पदव्यांच्या माळेत 'हमाल' राहून गेलाय. गिटार, तिचं पेटारं, वायर, स्टँड आणि सुट्या तारांची पाकिटं घेऊन जिने चढणारी बाई परिचयात कधीच येत नाही.

तरी बसले लिहायला. 'तिचे सूर थेट काळजाला भिडतात.' खोडलं. ही 'ती' कोण, मी तिला कधी भेटलेले नाही. स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहिताना आपल्याच शोकसभेची तयारी चालल्यासारखं वाटतं. मग थेट प्रेरणास्थानांकडे वळले. म्हटलं, निदान तिथे मोठ्या माणसांची नावं लिहून वेळ मारून नेता येईल.

एलिझाबेथ कॉटन हे पहिलं नाव. अमेरिकेतल्या डावखुऱ्या गायिका-गिटारवादक बाई. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरली, अंगठ्याने सूर आणि बोटांनी खर्ज वाजवला, आणि त्यातून वादनाची एक शैलीच जन्माला आली. मधली कित्येक वर्षं गिटार बाजूला पडली होती, घरकाम करून पोट भरत होत्या. १९८५ साली ग्रॅमी मिळालं तेव्हा नव्वदी उलटून गेली होती. या हिशेबाने माझ्या हाताशी अजून पन्नासेक वर्षं आहेत. ही प्रेरणा मी विशेषतः घरच्यांना सांगते.

कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला, डाव्या हाताची ताकद कमी पडायची. म्हणून त्यांनी तारा निराळ्याच पद्धतीने जुळवायला सुरुवात केली आणि त्यातून कधी कुणी न ऐकलेले स्वरमेळ निघाले. हे वाचून मीही तारा मनाला येईल तशा फिरवून पाहिल्या. कधी कुणी न ऐकलेलं काहीतरी निघालं खरं. शेजारच्या काकांनी भिंतीवर तीनदा ठोकलं. ठोका मात्र इतका बरोबर समेवर पडत होता की त्यावर मी एक गाणं केलं. आता हे प्रेरणास्थान म्हणून लिहावं का? काका वाचतील.

इंग्रज गायक-गीतकार निक ड्रेक यांचं नाव मी मुद्दाम घेत नाही. १९६९ ते १९७२ मध्ये तीन अल्बम, फारसे कुणी घेतले नाहीत, १९७४ साली सव्विसाव्या वर्षी माणूस गेला आणि नंतर जग वेडं झालं. कार्यक्रमाला चारच लोक आले की माझी समजूत काढायला कुणीतरी हे उदाहरण देतंच. देताना माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती मला आवडत नाही.

खरं सांगायचं तर माझी शैली या थोरांनी नाही, एफ कॉर्डने, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या एका जुळणीने, घडवली. गिटार शिकलेल्या कुणालाही विचारा, एफ म्हटलं की चेहरा बदलेल. पहिल्या पडद्यावर (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या रेघा म्हणजे पडदे) तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी वर कसरत करायची. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या आसपास असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या नाजूक पट्टीला लोंबकळत असतो आणि आपण एका बोटाने त्याची समजूत घालायची. कितीतरी जण या वळणावर गिटार सोडतात. मी एफ सोडली. माझ्या पहिल्या अकरा गाण्यांत ती कुठेच नाही. एका रसिकाने याला 'साधेपणाचा आग्रह' म्हटलं. मी नम्रपणे मान खाली घातली; तशी ती तर्जनीकडे बघायला घातलीच होती.

आणि शब्द! चाल आधी येते, शब्द मागून लंगडत. तोवर जागा भरायला काहीबाही म्हणायचं असतं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी तर झोपेत सुचलेल्या एका अजरामर चालीवर खरे शब्द मिळेपर्यंत अंड्यांच्या भुर्जीचं गाणं म्हटलं होतं. माझ्या एका विरहगीताच्या चालीवर तोंडात आलं, 'गॅस बंद केलास का'. पुढे चार महिने मी त्या जागी दुसरं काही बसवायला धडपडले. 'आठवण' बसेना. आपल्या भाषेतला हा सगळ्यात हळवा शब्द गायला महाकठीण: 'आ' लांबवाल तितका लांबवा, पुढचं 'ठवण' जिन्यावरून भांडं गडगडल्यासारखं येतं. 'प्रीती'चा 'ई' वरच्या पट्टीत गळ्याला चिमटा काढतो. आणि वरचा सा लावून उघड्या तोंडाने ठेवायला 'केलास का'मधला 'का' इतका सुंदर! शेवटी तोच ठेवला. आता ते माझं सर्वाधिक मागणीचं गाणं आहे. ते ऐकून एक बाई डोळे पुसत तडक घरी गेल्या. गाण्याने गेल्या की गॅसमुळे, मी विचारलं नाही.

तारा जुळवण्याबद्दल लिहायला शंभर शब्द पुरणार नाहीत. मंचावरच्या दिव्यांनी तारा तापतात, सैल होतात आणि सूर उतरतो. त्यातून गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले. त्यामुळे प्रत्येक सूर थोडाथोडा बेसूर, म्हणजे अन्याय सगळ्यांवर सारखा. 'जी' नावाच्या कॉर्डमध्ये गोड लागेल अशी 'बी' तार लावली की तीच 'ई' कॉर्डमध्ये उतरलेली वाटते. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, कान नाही म्हणतो, आणि समोर बसलेल्यांना वाटतं हेच पहिलं गाणं. एकदा त्याला टाळ्याही पडल्या आहेत.

असो. परिचयात शेवटी थोरामोठ्यांची चार नावं टाकली, 'निसर्ग' टाकला (तो सगळेच टाकतात) आणि कार्यक्रमाला गेले.

मंच नावाची जी जागा होती, ती स्वच्छतागृहाच्या दाराला लागून होती. दाराआड हात वाळवायचं यंत्र. कुणी आत जाऊन आलं की बरोबर माझ्या कडव्याच्या शेवटी ते घोंघावायचं. सूर साधारण 'जी'. मी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) दोन पडदे सरकवून त्याच्याशी जुळवून घेतलं. आपल्याकडे तंबोऱ्याची साथ असते, माझ्याकडे ही. पण तंबोरा गाणं संपेपर्यंत थांबतो. हे यंत्र हात वाळले की मध्येच सोडून जायचं.

तिसऱ्या गाण्यात गिटारीतली ९ व्होल्टची बॅटरी संपली. आधी आवाज फाटला, मग गेलाच. सुटी बॅटरी घरी, ट्यूनरच्या डबीत. अमेरिकी गायिका ट्रेसी चॅपमन आठवल्या. ११ जून १९८८, लंडनचं वेम्बली मैदान. स्टीव्ही वंडर यांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची हार्ड डिस्क ऐन वेळी सापडेना, म्हणून आधी गाऊन झालेल्या या नवख्या मुलीला पुन्हा मंचावर ढकललं. एकटी, हातात गिटार. रात्रीतून जगाला माहीत झाली. ती गोष्ट वाचल्यापासून मी मोठ्या कलाकारांची यंत्रं बिघडण्याची वाट बघतेय. बिघडतं ते माझंच.

मग वायर काढली, मायक्रोफोन बाजूला केला, खुर्ची पुढे ओढली आणि 'गॅस बंद केलास का' तसंच उघड्या आवाजात सुरू केलं. गिटारीचा आवाज मुळातच केवढासा. पहिल्या रांगेच्या पुढे जातो की नाही अशी शंका. त्यात मागचं दार उघडून एक गृहस्थ आत गेले. आता 'का' लावायचा आणि त्यावर हे यंत्र घोंघावणार. नळ वाहिल्याचं ऐकू आलं. नळ बंद झाला. मी 'का' लावला, धरून ठेवला, वाट पाहिली.

काहीच नाही.

दार हळूच उघडलं. गृहस्थ बाहेर आले, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून, आणि ओले हात पँटला पुसत भिंतीशी उभे राहिले. गाणं संपल्यावर त्यांच्या टाळ्या सगळ्यांत वेगळ्या ऐकू आल्या. चपचप.

परिचय तोवर छापून झाला होता.