बारा फोटोंचा कॅमेरा

मीडियम फॉरमॅटचा फिल्म कॅमेरा घ्यायचा म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, "का, मोबाईल बिघडला?" मग विचारतो, "म्हणजे मोठा असतो का?" आणि तिसरा प्रश्न फक्त घरातली माणसं विचारतात : "केवढ्याला?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. मोबाईल ठणठणीत आहे. आणि मोठा कॅमेरा नसतो, मोठी निगेटिव्ह असते. (कॅमेराही मोठा असतो, पण ते घरी आधी सांगायचं नसतं.) त्यात जो रोल लागतो त्याला १२० म्हणतात. कोडॅकनं तो १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि तो आजही नवा, सीलबंद मिळतो. सहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्या पाठीला कागद. चौरस फोटो काढले तर एका रोलमध्ये बारा बसतात आणि प्रत्येकाला नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पटीहून जास्त जागा मिळते. आमच्या आजेसासूबाईंच्या जुन्या फोटोत नथीतले मोती मोजता येतात, ते या जागेमुळे. माझ्या मोबाईलमधल्या हजारो फोटोंत मोती सोडा, नथ कोणी घातली होती त्यावरूनच वाद होतात.

प्रश्न उरला तिसरा. मी हिशेबखात्यात नोकरी करते, त्यामुळे आधी कागदावर आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि मग माहितगारांना विचारायला निघाले. तिथंच घोळ सुरू झाला. या प्रांतातला प्रत्येक माणूस "स्वस्तात मस्त" असं म्हणूनच बोलायला सुरुवात करतो, आणि त्याचं स्वस्त हे नेहमी आपल्या दोन रेघांच्या खाली, म्हणजे हिशेबाबाहेर असतं. शिवाय जो तो स्वतःकडे असलेलाच कॅमेरा सुचवतो. विकायला काढलेला असेल तर जरा जास्त कळकळीनं.

सगळे सुरुवात हॅसलब्लाडपासून करतात. माणूस १९६९ मध्ये चंद्रावर उतरला तेव्हा हाच कॅमेरा सोबत होता. येताना वजन वाचवायला कॅमेरे तिथंच ठेवले आणि फिल्मची मॅगझिनं तेवढी परत आणली. ही कथा मला इतक्या जणांनी इतक्या भक्तिभावानं ऐकवली की शेवटी मी त्याच कंपनीच्या पृथ्वीवर उरलेल्या मालाची किंमत बघितली. एवढ्यात आमच्याकडे नवी स्कूटर आली असती. चंद्रावरचे नग स्वस्तात सुटतील, पण आणायला स्वतः जावं लागेल.

मग येतो कीव्ह-८८. सोव्हिएत काळात कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात झालेला, जुन्या हॅसलब्लाडची हुबेहूब नक्कल. किंमत बघून डोळ्यांत पाणी येतं, आनंदाचं. ते पुसायला दादरच्या काकांनी मदत केली. काका निवृत्त फोटोग्राफर, अख्खी हयात लग्नं काढण्यात गेलेली. "घे की," म्हणाले, "पण एक लक्षात ठेव. आधी शटर चढवायचं, मगच स्पीड बदलायचा. उलटं केलंस तर आतलं काहीतरी तुटतं." मी म्हटलं, "आणि तुटलं तर?" काका म्हणाले, "तर दुसरा घ्यायचा. तो जपून वापरायचा."

मामिया आरबी-६७ वर माझा खरा जीव जडला होता. निगेटिव्ह सहा बाय सातची, भाता पुढं-मागं करून फोकस करायचा, आणि फोटो उभा हवा असेल तर अख्खी पाठ फिरवायची, कॅमेरा नाही. स्टुडिओवाल्यांनी डिजिटलला जाताना ते विकून टाकले म्हणून त्या मानानं स्वस्त मिळतात. पण लेन्स लावून वजन अडीच किलोच्या वर. मी डोंबिवलीला राहते. सकाळच्या फास्टमध्ये जिथं स्वतःचे दोन्ही पाय एका वेळी जमिनीवर टेकवायला परवानगी लागते, तिथं हे धूड कुणाच्या डोक्यावर ठेवणार? नवरा म्हणाला, "अगं, रविवारी ने." रविवारी आमच्याकडे मेगाब्लॉक असतो.

पेंटॅक्स ६७ च्या आतला आरसा फोटो काढताना म्हणे एवढ्या जोरात आपटतो की फोटोतला माणूसच दचकतो. तो किमतीतच बाद झाला. मामिया ६४५ मात्र हिशेबाला गोड होता : निगेटिव्ह थोडी लहान, पण एका रोलमध्ये पंधरा फोटो. मी लगेच भागाकार केला. पण त्याचं शटर बॅटरीवर चालतं, आणि त्या वयाचं सर्किट एकदा गेलं की ते दुरुस्त करणारा माणूस त्याच्या आधी गेलेला असतो.

आता परदेशातून मागवावा म्हणून जपानी विक्रेत्यांच्या जाहिराती वाचायला लागले. हे प्रकरण थेट स्थळं बघण्यासारखं आहे. "दिसायला मिंट" म्हणजे फोटो चांगल्या उजेडात काढलाय. "एक्सलंट" आणि पुढं पाच अधिकची चिन्हं म्हणजे काहीतरी आहे, पण चहापाण्याच्या वेळी बोलू. "लेन्समध्ये किंचित फंगस, फोटोवर परिणाम नाही" म्हणजे मुलगा थोडा तापट आहे, पण संसारावर परिणाम नाही. आणि "अनटेस्टेड", याचा अर्थ आमच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला समजावून सांगायची गरज नाही. वर कुरिअर, त्यावर कस्टम ड्युटी. दोन रेघांच्या पार खाली गेला आकडा.

"तू दोन डोळ्यांचा घे," काकांनी शेवटी निकाल दिला. म्हणजे टीएलआर, ट्विन लेन्स रिफ्लेक्स. वरच्या लेन्सनं बघायचं, खालच्या लेन्सनं काढायचं. रोलायफ्लेक्स १९२९ पासूनची, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी वापरलेली आणि माझ्यासाठी चंद्राइतकीच दूर. रशियन लुबिटेल स्वस्त, पण त्याच्या फाइंडरमध्ये दुधी काच म्हणजे मधोमध एक ठिपका, त्यात फोकस शोधायला चष्म्यावर चष्मा लागतो. राहिली यशिका. काकांनी लग्नं यशिकावरच काढली होती. "बारा फोटो," ते सांगत होते. "बरोबर अंतरपाट दूर व्हायच्या वेळी बारावा संपायचा. मग गुरुजींना खूण करायची, ते एक मंगलाष्टक जास्त म्हणायचे. तेवढ्यात आपण रोल काढायचा, चिकटपट्टी जिभेनं ओली करून गुंडाळायचा, नवा भरायचा. कित्येक लग्नं एक श्लोक जास्त म्हणून लागली आहेत."

यशिकातही १२४जी सगळ्यांना हवी असते, म्हणून महाग. सासूबाई शेजारी शेंगा सोलत ऐकत होत्या. मी नवऱ्याला सांगितलं की या 'जी'चा अर्थ गोल्ड, आतल्या प्रकाशमापकाच्या जोडण्यांना सोन्याचा मुलामा असतो. सासूबाईंचा हात थांबला. "किती ग्रॅम?" त्यांनी विचारलं. मुलामाच आहे म्हटल्यावर पुन्हा शेंगांकडे वळल्या. तसाही तो मापक पाऱ्याच्या सेलवर चालायचा आणि तसले सेल आता बनत नाहीत.

तेव्हा प्रकाशमापक नसलेली साधी यशिका-डी, असं ठरवून मी फोर्टातल्या बोरा बाजारात गेले. वाटेत चोर बाजारात डोकावायचा मोह झाला होता. तिथं आग्फाच्या क्लिक-थ्रीचे ढीग दिसतात, एकेकाळी बडोद्यात बनायचे आणि घराघरात असायचे. तोही १२० चाच रोल घेतो, आणि भाव तर भाजीच्या पिशवीत मावेल असा. पण तिथला माणूस "शोपीस है मॅडम, चालू का क्या करोगे?" म्हणाला, आणि त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

बोरा बाजारातल्या दुकानदारानं काचेच्या कपाटातून दोन यशिका-डी काढून पुढ्यात ठेवल्या. काकांनी कानमंत्र दिला होता : स्पीड एक सेकंदावर ठेव, शटर चढव, दाब आणि कान दे. पहिलीचं दाबलं. झिर्रर्र सुरू झालं, मध्येच विचारात पडलं, आणि "खट्" म्हणून मिटलं तोवर दुकानदाराचा अर्धा चहा संपला होता. आतलं तेल वाळून घट्ट झालं की असं होतं. "चलने से खुल जाएगा," तो म्हणाला. हे वाक्य माझ्या गुडघ्यांनाही डॉक्टर ऐकवतात.

दुसरीचं झिर्रर्र एकसुरी, स्वच्छ. मग पाठ उघडली, शटर उघडं ठेवायच्या खुणेवर आणलं आणि मोबाईलच्या टॉर्चनं खालची लेन्स आरपार बघितली, मग वरचीही. कडेला बारीक पांढऱ्या धाग्यांची नक्षी, कोळ्यानं घाईघाईत सोडून दिलेली. बुरशी. दमट हवेत ती काचेवरचा थरही खाते. मुंबईत जन्मापासून राहिलेल्या लेन्सला ती नसेल तर उलट संशय घ्यावा. पण वरच्या लेन्सवर होती, बघायच्या. फोटो काढायची खालची लेन्स साफ होती. मी हे बोलून दाखवलं नाही; "बुरशी आहे" एवढंच चेहऱ्यावर ठेवलं.

मग कॅमेऱ्याच्या डोक्यावरची, बघायची घुमटी उघडून आत पाहिलं. खाली मान घालून बघावं लागतं, त्यामुळे सगळं दुकान मला काहीतरी दुखतंय अशा नजरेनं बघू लागलं. दुधी काचेवर दुकानदार दिसत होता, सरळ, पण डावी-उजवी उलटी. तो उजवीकडे सरकला की काचेत डावीकडे जायचा. मी त्याच्या मागं कॅमेरा वळवला तर तो आणखी निसटला. काउंटरच्या दोन टोकांमध्ये आमचा हा पाठलाग बराच वेळ चालला. शेवटी त्यानं कंटाळून किंमत उतरवली. मी त्याला असं हिंडवलं ते भाव पाडायलाच, असा त्याचा समज झाला असावा. मी तो दूर केला नाही.

आकडा वरच्या रेघेवर टेकला, खाली गेला नाही. घरी येईपर्यंत मी खूश होते. मग रोल मागवला. एक चांगला ब्लॅक अँड व्हाइट रोल हजाराच्या आसपास. धुणं, स्कॅन, ने-आण धरली तर एका क्लिकमागे सव्वाशेच्या पुढे. प्रकाश मोजायला मापक नाही, म्हणून मोबाईलमध्ये फुकटचं ॲप टाकलं. म्हणजे दर वेळी आधी मोबाईल त्या दृश्यावर रोखायचा, प्रकाश वाचायचा, मोबाईल खिशात ठेवायचा आणि मग कॅमेरा उघडायचा. नवरा म्हणतो, "अगं, हातात आहेच तर त्यानंच काढ ना." या माणसाशी या विषयावर मी बोलत नाही.

पावसाळ्यात बुरशी वाढू नये म्हणून कॅमेऱ्याला हवाबंद डबा हवा. आमच्या घरात खराखुरा हवाबंद डबा एकच, सासूबाईंचा, बेसनाच्या लाडवांचा. मागायला गेले तेव्हा त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि वजन अजमावलं. मग विचारलं, "एका रोलात किती म्हणालीस?"

"बारा, आई."

"बाराच?" त्यांनी कॅलेंडरमागचा कागद ओढला. डबा मिळाला, पण मोबदल्यात पहिल्या रोलचं वाटप त्यांनी जागेवर करून टाकलं. दोन सत्यनारायणाला. एक नणंदेच्या कुटुंबाचा, एक त्यांच्या भिशीचा, सगळ्या जणी मावतील असा. तीन नातवाच्या मुंजीला, कारण मोबाईलवाल्यांनी गेल्या खेपेला सगळ्यांचे डोळे मिटलेले काढले. दोन गावच्या घराचे, पाडायच्या आत. एक देव्हाऱ्याचा. आणि एक त्यांचा एकटीचा, खुर्चीत, नथ घालून, "नीट मोठा काढ. पुढं भिंतीला लागेल. घाई नाही."

अकरा झाले. मी म्हटलं, बारावा माझा. त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि मान डोलावली. बारावा मी फोकस जमतोय का ते बघायला वापरायचा, असं ठरलं आहे.