दप्तर कोणाकडे?

नमस्कार. 'सोसायटीतले संस्थानिक' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हाउसिंग सोसायटीचे चेअरमन संस्थानिकांसारखी सत्ता गाजवतात, असं मी त्यात लिहिलं होतं. पहिल्यांदा रागच आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सेक्रेटरी फुकट राबतो, रात्री अकराला पंप बंद पडला की तोच खाली उतरतो, शिव्याही तोच खातो आणि सभेला मात्र पंधरा डोकी येतात. मग ही सत्ता कसली, बिनपगारी हमालीच. शेवटी टोला: 'लांबून लिहायला काय जातं?'

लांबून नाही हो. ठाण्यात कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीत मी दोन वर्षं खजिनदार होते. टँकरच्या पावत्या जुळवण्यात एका दिवाळीचा फराळ विकत आणावा लागला, सासूबाई अजून काढतात ते. तेव्हा हमाली मान्य. चेअरमनना संस्थानिक म्हटलं, तेही चुकलंच. ते समोर दिसतात म्हणून आपण त्यांनाच धरतो.

सभेचं म्हणाल, तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, दोन तृतीयांश किंवा २० सभासद, जे कमी असेल ते. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आमच्या नोटिशीत 'अर्ध्या तासाने, त्याच जागी' हे आधीच छापलेलं असतं. पार्किंगमध्ये चहा होतो, अर्धा तास सरतो आणि बारा जण एकशे चाळीस घरांचं ठरवून मोकळे. न येणाऱ्यांना तुम्ही दोष देता, द्यायलाच हवा. पण न येणारे येणार नाहीत, हे ती नोटीस टाइप करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

या सगळ्यात फायदा कोणाचा, हे मात्र तुम्ही विचारलं नाहीत. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटविक्रीच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची. आमची नोंदली २००७ साली. सातबाऱ्यावर आजही बिल्डर. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे; बिल्डरने टाळलं तरी जमीन नावावर करून घ्यायला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आमची फाइल तयार होता होता तीन कमिट्या बदलल्या. कारण? स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग कोणाचं, यावर आम्ही एकमेकांची तोंडं बघेनासे झालो होतो. तोवर माहितीपत्रकात जिथे बाग रंगवली होती, तिथे नवी विंग उभी राहिली. बिल्डरला एकाही सभेला यावं लागलं नाही.

आता एक घरातलंच सांगते. आमच्या पुढच्या लिफ्टशेजारी कागद चिकटवलेला होता: 'घरकाम करणाऱ्या महिलांनी मागची लिफ्ट वापरावी. आदेशावरून.' गेल्या पावसाळ्यात मागची लिफ्ट तीन आठवडे बंद होती. आमच्याकडच्या मावशी गुडघ्याला पट्टा बांधून नऊ मजले चढत होत्या, मला कळलं पाचव्या दिवशी. वॉचमनला झापलं. तो म्हणाला, 'मॅडम, मला सांगितलंय.' कोणी, ते त्याला आठवेना. बारा तासांची ड्युटी करणाऱ्याला बोलून मी काय मिळवलं, देव जाणे.

मग ठराव शोधायला गेले. इतिवृत्त, म्हणजे सभांच्या नोंदी बघायचा हक्क १९६० च्या सहकार कायद्यात आहे, कलम ३२. सोसायटीचं दप्तर सेक्रेटरींच्या दिवाणात, गोधड्यांखाली. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी रजिस्टरं त्यांनी एकेक करून काढून दिली, बिचाऱ्यांनी चहाही विचारला. सात वर्षांची पानं चाळली. असा ठराव कुठेच नाही. ते म्हणाले, 'आधीपासूनच आहे.' त्यांच्या आधीचे म्हणाले, 'लोकांचीच मागणी होती.'

म्हणजे आदेश होता, पण देणारा कोणी नव्हता. मावशींना सभेत मत नाही, भाडेकरूंना नाही, वॉचमनला तर नाहीच. आणि फायदा? पुढच्या लिफ्टमध्ये ऐसपैस उभं राहणाऱ्या माझा. खजिनदार असताना दोन वर्षं त्या कागदासमोरून रोज गेले, वाचला मात्र पहिल्यांदा तेव्हाच.

तुम्ही विचाराल, मग केलंत काय? कागद मी त्याच संध्याकाळी फाडला. तिसऱ्या दिवशी नवा लागला, या वेळी लॅमिनेट केलेला.