जनरल फ्वा आणि आपले मूठभर विरोधक

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या दोन मतं आलटून पालटून येतात. एक, पाच वर्षं एखाद्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती राज्य द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील. दुसरं, विरोधक उरलेत किती, त्यांनी घसा कोरडा करून काय होणार? पहिलं मत काकांचं, दुसरं भाचरांचं. दोघांनाही मी पॅरिसहून एकाच माणसाचं नाव सांगते: जनरल फ्वा. अजून कोणी मनावर घेतलेलं नाही.

खरं तर इथेही हे नाव आता फारसं कुणाला ठाऊक नाही. शहराच्या आठव्या विभागात त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि पेर लाशेज दफनभूमीत दाविद दांजे या शिल्पकाराने केलेला पुतळा. त्या पुतळ्याच्या अंगावर गणवेश नाही. आयुष्यभर तोफखान्यात काढलेल्या माणसाला शिल्पकाराने प्राचीन रोमन वक्त्याचं वस्त्र पांघरलं आहे.

माक्सिमिलियाँ सेबास्तियाँ फ्वा १७७५ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आम (Ham) या गावी जन्मला. फ्रेंच क्रांतीच्या सैन्यात कोवळ्या वयात अधिकारी झाला, जॅकोबिन या जहाल क्रांतिकारकांच्या अतिरेकावर बोलला म्हणून तुरुंगात गेला, आणि त्यांचा नेता रोबेस्पिएर पडल्यावर सुटला. नेपोलियनने सम्राटपद घेतलं तेव्हाही त्याने विरोधी मत दिलं. बढत्या उशिरा मिळाल्या, तरी पोर्तुगाल-स्पेनच्या मोहिमांत तो वर्षानुवर्षं लढला आणि वॉटर्लूच्या रणात खांद्याला जखम घेऊन परतला. एवढं करूनही त्याला खरी लोकप्रियता मिळाली ती तलवार म्यान झाल्यावर, १८१९ साली एन प्रांतातून संसदेत निवडून आल्यानंतर.

काकांचा मुद्दा इथेच लंगडा पडतो. त्यांना जो जनरल हवा आहे, तो हुकूम सोडणारा. तसे जनरल फ्रान्सने पाहिले आहेत, एकाने तर स्वतःला मुकुटच घालून घेतला. फ्वा सभागृहात शिरला तो हुकमाची सवय दाराबाहेर ठेवून. सारा भर नेपोलियननंतर परतलेल्या राजाने दिलेल्या सनदेवर, म्हणजे राज्यघटनेवर: यात जे लिहिलंय ते पाळा. अर्ध्या पगारावर घरी बसवलेल्या जुन्या सैनिकांची बाजू त्याने मांडली. १८२३ मध्ये फ्रान्सने स्पेनमध्ये फौजा घुसवायचं ठरवलं तेव्हा त्याने विरोध केला, आणि तिथल्या डोंगरांत स्वतः लढलेल्या माणसाला भित्रा म्हणण्याची सोय सरकारी बाकांना नव्हती. माझ्या मते लष्करी पार्श्वभूमीचा राजकारणात एवढाच खरा उपयोग आहे: युद्धाला नाही म्हणण्याचा अधिकार.

त्याच वर्षी त्याचा सहकारी मान्युएल याला एका भाषणावरून सभागृहाने हाकललं. तो उठेना, तेव्हा नॅशनल गार्ड या नागरी दलाच्या सार्जंटला त्याला धरायला सांगितलं. सार्जंटने नकार दिला. शेवटी जांदार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस, आणावे लागले. फ्वासह उदारमतवादी बाक उठून बाहेर पडले. आपल्याकडे २०२१ च्या जुलैमध्ये बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला, हे वाचताना मला मान्युएल आठवला होता. त्याला दाद मागायला असं न्यायालय नव्हतं. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला ‘इथे बघा कसं छान’ म्हणायची खोड असते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता भाचरांचं म्हणणं. १८२४ च्या निवडणुकीनंतर ४३० जणांच्या सभागृहात उदारमतवादी उरले वीसच्या आसपास. आपल्या २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ साली विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाला २० जागा मिळाल्या, विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के जागा हव्यात या संकेतावर बोट ठेवलं गेलं आणि निकालानंतर ते पद रिकामं राहिलं. फ्वाच्या काळात असलं पदच नव्हतं. आजच्या फ्रेंच संसदेत अर्थ समितीचं अध्यक्षपद नियमानेच विरोधकाकडे जातं, आणि आपल्या लोकसभेतही लोकलेखा समितीबाबत १९६७ पासून तसा प्रघात आहे. म्हणजे जागा कमी असल्या की तोंड बंद, असं काही लोकशाहीचं व्याकरण नाही.

फ्वा त्या वीसांत असूनही बोलत राहिला. क्रांतीत जमिनी गमावलेल्या सरदारांना भरपाई देण्याचा कायदा १८२५ मध्ये आला, त्यालाही त्याने झोडपलं. कायदा मंजूर झालाच. भाषणं मात्र वृत्तपत्रांतून छापून येत आणि ज्यांना मताचा अधिकारच नव्हता असे लोक ती वाचत. सुमारे तीन कोटींच्या देशात वर्षाला ३०० फ्रँक कर भरणारे पुरुषच मतदार होते, लाखाच्या आतबाहेर. त्यातही १८२० पासून सर्वांत श्रीमंतांना दोन मतं. आपल्याकडे अधिवेशनाच्या शेवटी विरोधक मांडतात त्या अंतिम आठवडा प्रस्तावावरचं एखादं तयारीचं भाषण किती जण शेवटपर्यंत ऐकतात, हा प्रश्न मला आमदारांच्या संख्येपेक्षा जास्त छळतो. तिकडून माझ्याकडे येतात ते हातवारे आणि टोमणे, वीस सेकंदांचे.

नोव्हेंबर १८२५ मध्ये फ्वा वारला. अंत्ययात्रेला लाखभर लोक लोटले असं म्हणतात. मागे पैसा फारसा नव्हता, म्हणून लोकांनी त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी काढली, ती दहा लाख फ्रँकच्या घरात गेली. सात वर्षांनी असाच दुसरा लोकप्रिय जनरल लामार्क गेला, त्याच्या अंत्ययात्रेतून पॅरिसमध्ये बंड उसळलं, आणि ते बंड एका जगप्रसिद्ध कादंबरीत गेलं. फ्वाच्या वेळी काही पेटलं नाही, म्हणून तो रस्त्याच्या पाटीवर राहिला. इतिहासाची ही आवड मला पटत नाही.

कारण पुढचं कुणी सांगत नाही. १८२७ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. मतदार तेच मूठभर करदाते, दोन मतांचा कायदा तोच. तरीही पंतप्रधान व्हिलेलचं बहुमत गेलं आणि जानेवारीत त्याला पद सोडावं लागलं.