आत्याला कोणी विचारलंच नाही

आज इंदूरला रामबागेत चुलतभावाकडे जेवायला गेलो होतो. त्याचा मुलगा बंगलोरला कुठल्याशा ॲपच्या कंपनीत आहे, तो सहज सांगत होता की आम्ही निम्म्या लोकांना एक दाखवतो, निम्म्यांना दुसरं, आणि बघतो कोण जास्त वेळ थांबतं. मी म्हटलं, लोकांना सांगता का? तर म्हणे, "काका, सांगितलं तर लोक वेगळं वागतात ना!" सगळे हसले. माझं जेवणातलं लक्षच उडालं.

आमची आत्या दम्याची पेशंट. इथल्याच एका दवाखान्यात डॉक्टर तिला म्हणाले, नवीन औषध आलंय, पैसे नाही लागणार. इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर तिनं सही केली, आणि इंग्रजी तिला वाचताही येत नव्हतं. दर वेळी रक्त घ्यायचे, रिक्षाचे पैसे द्यायचे, आणि ही घरी येऊन सांगायची, डॉक्टर किती जीव लावतात रे! दिवाळीला चकल्यांचा डबा देऊन आली त्यांना. ती ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत होती हे आम्हाला नंतर कळलं, पेशंटना नीट न सांगता केलेल्या इंदूरच्या अशा ट्रायल्सची प्रकरणं पेपरात यायला लागली तेव्हा. तिला काही झालं नाही, मान्य. पण त्या चकल्या आठवल्या की डोकं फिरतं.

अमेरिकेत टस्कीगीला १९३२ पासून ४० वर्षं सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या माणसांना खरा आजार सांगितला नाही, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा दिलं नाही, आणि त्यांना वाटायचं सरकार आपला इलाज करतंय. आत्यालाही तसंच वाटायचं ना! आणि ज्या फेसबुकवर हे लिहितोय त्यानंच २०१२ मध्ये जवळपास ७ लाख लोकांच्या फीडमधल्या आनंदी नाहीतर दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, की हे लोक मग काय लिहितात. अकाउंट उघडताना टिक केलं तीच परवानगी म्हणे! त्यात कोणी आधीच खचलेलं असलं तर? कोण होता विचारणारा?

हो, ट्रायलशिवाय औषध निघत नाही, आणि बटणाचा रंग बदलल्यानं कोणी मरत नाही, कळतं मला.

पोरगा वाईट नाहीये. त्याला आत्याचं सांगितलं तर गप्प झाला, मग म्हणाला, विचारलं असतं तर हो म्हणाली असती का आजी? अरे, नक्की म्हणाली असती! एवढा विश्वास होता तिचा, तरी विचारावंसं वाटलं नाही कोणाला.

आपल्या इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की संमती घेताना व्हिडिओ काढा. तेव्हा घरातलं कोणी दवाखान्यात असेल आणि सही मागितली तर कागद हिंदीत नाहीतर मराठीत मागा, एक कॉपी घरी आणा, आणि ट्रायलला नाही म्हटलं म्हणून नेहमीचा इलाज बंद करता येत नाही, हे तोंडावर सांगा.