रूम नंबर २३७ आणि चंद्रावरची थाप

गेल्या पंधरवड्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर एकच मेसेज तीनदा फिरून आला. ‘द शायनिंग’ हा १९८० चा झपाटलेल्या हॉटेलाचा सिनेमा म्हणजे त्याचा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा छुपा कबुलीजबाब आहे म्हणे. अपोलो ११ चं चंद्रावर उतरणं त्यानंच स्टुडिओत शूट केलं आणि तोंड उघडायची सोय नव्हती म्हणून या सिनेमात खुणा पेरल्या. खाली पुराव्यांची यादी आणि शेवटी ‘विचार करा भावांनो’. केला विचार.

आधी स्वेटर. कॉरिडॉरमध्ये गाड्या खेळणारा डॅनी, म्हणजे हॉटेल सांभाळायला आलेल्या जॅकचा पोरगा, उठून उभा राहतो, तर छातीवर रॉकेट आणि ‘अपोलो ११’. मेसेज म्हणतो, हे उड्डाणच. मी तिथं सिनेमा थांबवून आत्तीला दाखवलं. जन्मभर तिच्या हातातल्या सुया सुटल्या नाहीत. चष्मा पुसून ती म्हणाली, “हातानं इणलाय. रॉकेटची कड बघ, पायऱ्या पायऱ्या आल्यात. कुणीतरी घरच्या पोराला करतात तसला हाय.” नेमकं तेच आहे. कुब्रिकचा सहायक लिऑन व्हिटाली यानं सांगितलंय की कुब्रिकला हातानं विणल्यासारखं दिसणारं काहीतरी हवं होतं. वेशभूषाकार मिलेना कानोनेरोच्या मैत्रिणीनं विणलेला हा स्वेटर होता. मिलेनानं तो सेटवर आणून ‘हा चालेल का’ विचारलं, आणि चालला. बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा घडवला त्या कोल्हापुरात तरी हे पटायला जड जाऊ नये. फ्रेममधल्या कितीतरी वस्तू अशाच येतात: कुणीतरी आणली, दिग्दर्शकाला आवडली.

मग खोलीचा नंबर. सिनेमा ज्या स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलाय तिच्यात झपाटलेली खोली २१७ आहे, सिनेमात २३७, कारण चंद्र २,३७,००० मैलांवर! मुळात सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे जवळपास २,३९,००० मैल. त्यातही चंद्र जवळ-लांब होत राहतो, साधारण सव्वादोन लाखांपासून अडीच लाख मैलांपर्यंत. या पट्ट्यातला कुठलाही आकडा घ्या, चंद्र सापडेल. खरं कारण धंद्याचं होतं. हॉटेलचं बाहेरून दिसणारं रूप ओरेगॉनमधल्या टिंबरलाइन लॉजचं आहे. तिथं २१७ नंबरची खोली खरोखर होती. सिनेमा बघून गिऱ्हाईक तिथं झोपायला कचरेल, म्हणून त्यांच्या हॉटेलात नसलेला नंबर वापरा, अशी विनंती लॉजवाल्यांनी केली. गंमत अशी की आज लोक तीच २१७ मागून घेतात.

किल्लीच्या बिल्ल्यावर इंग्रजीत ‘रूम नं.’ आहे, त्यातल्या पाच मोठ्या अक्षरांतून (ROOM N) ‘मून’ होतं, हाही पुरावाच. त्याच पाच अक्षरांतून ‘मोरॉन’, म्हणजे मूर्ख, हेही होतं आणि एकही अक्षर उरत नाही. पुढं काही बोलत नाही.

सिनेमात दिसणाऱ्या जुळ्या मुली म्हणजे अपोलोआधीची जेमिनी (म्हणजे जुळे) मोहीम? भूमिका जुळ्या बहिणींनी केल्या हे खरं, पण सिनेमातच मॅनेजर मुलींची वयं साधारण आठ आणि दहा सांगतो.

सगळ्यात भारी पुरावा टाइपरायटरचा. जॅक शेकडो पानांवर एकच इंग्रजी म्हण बडवत बसतो: नुसतं काम आणि खेळ नाही, तर पोरगं मठ्ठ होतं. तिचा पहिला शब्द ‘ऑल’, त्यातले दोन एल टाइपरायटरवर १ या आकड्यासारखे दिसतात, म्हणून अ ११, म्हणजे अपोलो ११. ही म्हण सतराव्या शतकापासून छापील आहे, ते एक सोडा. कुब्रिकनं परदेशी आवृत्त्यांसाठी ती पानं वेगळी टाइप करून घेतली. इटालियनमध्ये ‘सकाळच्या तोंडात सोनं असतं’, जर्मनमध्ये ‘आजचं काम उद्यावर ढकलू नको’, स्पॅनिशमध्ये ‘लवकर उठलं म्हणून लवकर उजाडत नाही’. फ्रेंचमधली तर आपल्या ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ची सख्खी बहीण. कबुलीजबाब द्यायचा होता, तर इतक्या देशांत तो स्वतःच पुसून कशाला टाकला?

राहिली ‘कुब्रिकच्या बायकोनंच मान्य केलं’ ही क्लिप. ती विल्यम कारेलच्या २००२ च्या फ्रेंच फिल्ममधली आहे. ती माहितीपटाची थट्टा होती. काही साक्षीदार चक्क नट आहेत, आणि शेवटी श्रेयनामावलीत ही मंडळी आपापली वाक्यं चुकून हसताना दिसतात. क्लिप कापणाऱ्यानं तेवढंच कापलं. अपोलोच्या सहा मोहिमांनी आणलेली ३८२ किलो दगड-माती आणि चांद्रयान २ नं टिपलेला अपोलो ११ च्या यानाचा तिथंच राहिलेला खालचा भाग, हे तर मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

म्हणून सिनेमात लपवलेलं काहीच नाही असं नव्हे. सुरुवातीला जॅक मुलाखतीला जातो ते मॅनेजरचं ऑफिस बघा. मागं खिडकी, बाहेर झाडं, लख्ख उजेड. आता तो लॉबीतून कसा आत आला ते कागदावर पेन्सिलीनं काढा. त्या भिंतीमागं हॉटेलचाच कॉरिडॉर येतो; तिथं खिडकी असूच शकत नाही. मी दोनदा काढून बघितलं. इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत हा सेट असा चमत्कारिक मुद्दामच बांधला होता, असं कार्यकारी निर्माता जॅन हार्लननं सांगितलंय. मेसेजमधल्या पुराव्यांत ही खिडकी कुठंच नाही.