प्रमाण लिहून द्या

अनारशाच्या पिठात एक वाटी तांदळाला गूळ किती, एवढाच माझा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर एका ओळीत मावते. पण पाककृतीच्या व्हिडिओतून ते मिळवण्यासाठी आधी नमस्कार, मग दिवाळीच्या शुभेच्छा, मग चॅनेल सबस्क्राइब करण्याची विनवणी, असे सगळे मुकाट्याने सोसावे लागते. लिहिलेल्या कृतीत नजर हव्या त्या ओळीवर क्षणात जाते. व्हिडिओत मात्र गुळाने चिकट झालेल्या बोटांनी ती पट्टी मागेपुढे सरकवत बसायचे, आणि नेमके प्रमाण सांगतानाच मागे मिक्सर सुरू असतो! तांदूळ तीन दिवस भिजवून पाणी रोज बदलायचे, ही सूचना तर पुष्कळदा बोलण्याच्या ओघात येऊन जाते. ती निसटली की पीठ बिघडलेच. पीठ किती मऊ मळावे, तुपात सोडताना खसखशीची बाजू वर कशी ठेवावी, हे डोळ्यांनी पाहिलेले बरे, हे मला मान्य आहे. परंतु ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांच्या गावात धड रेंज नसते, त्यांनी काय करावे? व्हिडिओखाली साहित्य आणि प्रमाण अशा चार ओळी टंकायला किती वेळ लागतो? तिथे कढईच्या खरेदीची लिंक मात्र न चुकता असते.