पावसाळी इंग्रजी, कोरडवाहू विद्यार्थी

लातुरात क्लास नाही अशी गल्ली शोधून दाखवा. दिवसभर पोरं नीटच्या क्लासला जातात आणि रात्री दुकानाचं शटर ओढून आम्ही चाळिशीपुढचे स्पोकन इंग्लिशला. माझं दुकान बोअरच्या मोटारींचं. कंपनीचे साहेब फोनवर इंग्रजीच झाडतात, म्हणून हा खटाटोप.

व्याकरण कसंबसं उरकलं, पण वाक्प्रचारांनी घामटं काढलं. ही भाषा ज्यांनी घडवली त्यांच्या डोक्यावर छप्पर नसावं. जिकडं बघावं तिकडं पाऊस! अंगात कणकण असली तर 'अंडर द वेदर'. संकटं एकदम आली तर 'इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स'. मुसळधार लागला तर आभाळातून थेट कुत्री-मांजरं. 'सेव्ह इट फॉर अ रेनी डे' म्हणजे अडीअडचणीला शिल्लक टाका, असं सरांनी सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचे औशाचे काका उठले.

"सर, पाऊस पडल्यावर कशाला लागतेत पैसे? न पडल्यावर लागतेत की!"

सर फळा पुसायला लागले. काय बोलणार? याच गावाला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण तेव्हा कोरडंठाक होतं.

'रेन चेक' तर कळसच. अमेरिकेत पावसानं बेसबॉलचा सामना बुडाला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याचा पास मिळायचा. त्यावरून 'आज नको, पुन्हा कधीतरी' असा अर्थ आला. आमच्याकडं पाऊसच रेन चेक देऊन जातो.

मग फ्रेजल व्हर्ब. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणं, 'पुट आउट' म्हणजे विझवणं, 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणं. हा 'पुट' कुणाच्या बाजूचा आहे तेच कळेना. 'रन आउट ऑफ' मात्र अख्ख्या वर्गाला एका दमात पाठ झालं. घरी टाकी रिकामी बघून मी ऐटीत म्हणालो, "वुई रॅन आउट ऑफ वॉटर." बायको म्हणाली, "थ्रो कुणाचा होता? आधी टँकरवाल्याला फोन लावा."

परवा गॅरंटीतली मोटार जळाली. साहेब फोनवर म्हणाले, "वुई विल लुक इनटू इट." रात्री सरांना अर्थ विचारला. चौकशी करू, असं ते सांगत होते, तेवढ्यात मागून काका म्हणाले, "म्हंजे बोअरमधी डोकावून बघतेत. तुमची मोटार काई येत नसती वापस."